अकराशे चौऱ्याहत्तर

मॅलकीचं नाक गेलं त्याला दोन हिवाळे झाले.
साधा ताप होता. उतरला,
आणि उतरताना वास घेऊन गेला.
चाळीस वर्षं ज्या नाकावर ही भट्टी चालली
ते आता चष्मा टेकवण्यापुरतं,
असं तो स्वतःच म्हणतो,
कुणी हसलं नाही तर चिडतो.

आज त्याला बोलावलंय
कारण हे पिंप त्याच्या हातचं.
वय बावीस, वार गुरुवार.
आकडा रंगवताना सातच्या जागी चार पडला,
वरून पुन्हा सात गिरवला.
तो गिचमिड अंक अजून तसाच आहे,
ज्यानं तो काढला त्याचे केस तेवढे गेले.

गोदामाच्या भिंती बुरशीनं काळ्या.
उडून गेलेल्या दारूवर जगते ती,
इथलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक,
दमडी न देणारं.
फिन्टन हिशेबाची वही धरून उभा:
भरली दोनशे लिटर, उरली एकोणतीस.
बाकीची कुठे गेली?
"देवदूत नेतात म्हणे," मॅलकी छपराकडे बघतो.
"देवदूत मी पाहिले नाहीत.
वळचणीचे डोमकावळे मात्र
उन्हाळ्यात जरा तिरके उडतात."

मी बुचाच्या या अंगाला हातोडी घालते, मग त्या अंगाला.
बूच सुटतं.
तांब्याची नळी आत सोडून
वरच्या तोंडावर अंगठा दाबते,
आणि एक्केचाळीस वर्षं
माझ्या अंगठ्याला लटकून वर येतात.

रंग स्लीव्ह ब्लूमवरून येणाऱ्या ओढ्याचा,
पीटमधून गाळून आलेला,
कडेला किंचित हिरवा.
मॅलकी पेला नाकाशी नेतो. सवयच ती.
आम्ही सगळे बुटांकडे बघतो.
मग पेला माझ्यापुढे येतो. "तू सांग."

मी शिकलेले शब्द काढते:
मनुका, मध, मसाल्याची झाक…
"ते बाटलीवर छापा. मला वास सांग."

मी पुन्हा नाक घालते. वेळ घेते.
"सफरचंदाची साल."
"कुठल्या सफरचंदाची?"
"कुठल्या म्हणजे?"
"झाडावरच्या? गवतात पडलेल्या?
की सोलून झाल्यावर टेबलावर विसरलेली?"
"विसरलेली. रात्रभर."
"हं. पुढे."
"तंबाखूचा डबा. तंबाखू कधीच संपलाय,
आत आता खिळे ठेवतात."
"पुढे."
"चर्चमधला बाक. मेणाचं पॉलिश.
ओल्या कोटानं कुणीतरी बसून गेलंय."
"बाप्या की बाई?"
"बाई."
का म्हणाले, मलाच माहीत नाही.

तो डोळे मिटतो आणि पितो.
एकच घोट. गिळत नाही.
वर्षाला एक सेकंद, असा त्याचा जुना नियम.
फिन्टन घड्याळ बघतो, मी मनात मोजते,
तिशीपर्यंत येते तोवर माझ्याच तोंडाला पाणी सुटतं.

"जड आहे," शेवटी म्हणतो. "चांगली जड.
पण मधोमध कडवट. लाकूड फार बोललंय.
दहा वर्षांपूर्वी काढायला हवी होती.
तेव्हाच सांगितलं होतं मी,
असम्प्टाच्या रजिस्टरात सापडेल."

फिन्टनचं पेन थांबतं.
एका बाटलीच्या किमतीत
टलामोरला घराचा पहिला हप्ता भागावा,
असा आकडा त्यानं कालच ठरवलाय.

"चमचाभर पाणी घाल," मॅलकी मला म्हणतो.
मी घालते.
पेल्यात तेलासारख्या रेघा फिरतात, विरतात.
तो पेला घेत नाही.
"त्या बाईचं सांग अजून."

मी वाकते.
पाण्यानं सगळं हलवून टाकलंय.
चुना, कोरडं गवत, लांब कुठेतरी संत्र्याचा देठ.
बाकावर कुणी नाही.
"आहे," मी म्हणते. "बसलीय अजून.
कोट वाळत आलाय."

मॅलकी मान हलवतो,
एखाद्याचा निरोप मिळाल्यासारखी.
फिन्टननं वहीत काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.
बूच परत ठोकायचं
राहूनच गेलं होतं.